ऑप्टिकल कार्ट्रिजचा वाद आणि कानाने अधू असलेला एडिसन

विनाइल रेकॉर्ड्स पुन्हा फॅशनमध्ये आल्यात, हे तुम्ही रील्समध्ये पाहिलंच असेल. गोल फिरणारी काळी तबकडी, तिच्यावर हळूच टेकवलेली सुई आणि खाली कॉफीचा मग. या छंदाचं एक टोक फार महाग आहे आणि तिथे सध्या जोरात वाद चालतो तो ऑप्टिकल कार्ट्रिजवर. काही मॉडेल्सची किंमत लाखांच्या घरात जाते. ते घेणारे सांगतात की असा स्वच्छ आवाज दुसऱ्या कशातून येतच नाही. न घेणारे म्हणतात की फरक कानात नाही, बिलात आहे.

आधी ही भानगड काय आहे ते समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

रेकॉर्डवर एक लांबलचक वळणावळणाची खाच असते. त्या वळणांतच गाणं असतं. सुई खाचेतून जाताना थरथरते. ही थरथर विजेत बदलायचं काम सुईच्या मागे बसवलेला छोटा डबा करतो. तो म्हणजे कार्ट्रिज. नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. सुईबरोबर त्यातलं एक हलतं आणि वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोसारखंच, फक्त अतिशय बारीक. ऑप्टिकलमध्ये चुंबकही नाही आणि वेटोळंही नाही. आत एक इवलासा एलईडी आणि त्याच्या समोर प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. सुईच्या दांडीवर एक छोटी पट्टी बसवलेली असते. सुई हलली की पट्टी हलते, सेन्सरवर पडणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून सिग्नल बनतो. मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्यापुढे बोट हलवा आणि भिंतीवरची सावली बघा. तत्त्व तेच.

एक गैरसमज आताच काढून टाकू. ऑप्टिकल कार्ट्रिजमध्येही सुई असतेच आणि ती खाचेत घासतेच. सुईशिवाय थेट लेझरने रेकॉर्ड वाचणारं मशीन वेगळं, तो हा प्रकार नाही. आणि कल्पनाही काही कालची नाही. अमेरिकेत फिल्को कंपनीने १९४१ च्या सुमारास सुईवर बारीक आरसा बसवून, त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाने रेकॉर्ड वाजवणारं यंत्र विकायला काढलं होतं. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनीही प्रयत्न करून पाहिले. पण त्या काळचे बल्ब तापायचे. एलईडी चांगले आणि स्वस्त झाले, तेव्हा आपल्या शतकात जपानच्या डीएस ऑडिओने ही कल्पना पुन्हा बाहेर काढली.

मग आवाज खरंच चांगला होतो का? समर्थकांचा मुद्दा साधा आहे. सुईला वीज तयार करण्याचं ओझं नाही, तिने फक्त हलायचं, बाकीची ताकद एलईडीला बाहेरून मिळते. विरोधकांचा मुद्दाही साधाच आहे. सुई तीच, खाच तीच, मग ओझं असं कितीसं कमी झालं? त्यातली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. चुंबकाचं कार्ट्रिज सुई किती वेगाने हलली त्यावर सिग्नल देतं, ऑप्टिकल सुई किती सरकली त्यावर देतं. त्यामुळे ऑप्टिकलला नेहमीचा फोनो प्रीअँप चालत नाही. त्याचा स्वतःचा इक्वलायझर डबा लागतो. म्हणजे तुम्ही कार्ट्रिज बदललं की पुढचा डबाही बदलतो. मग ऐकू आलेला फरक प्रकाशाचा की डब्याचा? शिवाय दोघांतलं एक जरा मोठ्याने वाजत असेल तर आपला कान त्यालाच चांगलं ठरवतो, आणि आपण काय ऐकतोय हे आधीच माहीत असेल तर निकाल बहुतेक वेळा किंमतच लावते.

हा वाद वाचताना मला सारखा थॉमस अल्वा एडिसन आठवतो. बल्बवाला एडिसन म्हणून आपण त्याला शाळेत शिकलो. पण आवाजाची परीक्षा भरसभेत, हजारो लोकांसमोर घेण्याचा धंदा त्याने शंभर वर्षांपूर्वी केला होता. आणि तोही जवळजवळ बहिरा असताना.

एडिसन ११ फेब्रुवारी १८४७ ला ओहायो राज्यातल्या मिलान गावी जन्मला आणि मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरनला वाढला. शाळेत फार टिकला नाही, आई नॅन्सीनेच घरी शिकवलं. बाराव्या वर्षी तो रेल्वेत वर्तमानपत्रं आणि गोळ्या-चॉकलेटं विकायला लागला. त्याच वयाच्या आसपास त्याचे कान अधू झाले. का झाले, याच्या तो आयुष्यभर वेगवेगळ्या कहाण्या सांगत राहिला. कधी म्हणे कुणी कानशिलात मारली, कधी म्हणे कुणी चालत्या गाडीत कान धरून वर ओढलं. लहानपणीचा ताप आणि कानातलं दुखणं हेच कारण जास्त पटण्यासारखं आहे. बहिरेपणाबद्दल कुढत बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पुढे तो तारऑपरेटर झाला, तेव्हा इतर यंत्रांचा गोंगाट ऐकू येत नाही म्हणून आपलं लक्ष जागेवर राहतं, असं तो उलट फायद्यासारखं सांगायचा. तारेच्या भाषेचं वेड इतकं, की पहिल्या दोन मुलांची घरातली नावं डॉट आणि डॅश. पहिली बायको मेरी १८८४ मध्ये वारली. १८८६ मध्ये त्याने मिना मिलरशी लग्न केलं, आणि तिला मागणी घातली ती तिच्या हातावर मॉर्सचे ठोके देऊन, असं तो सांगायचा.

१८७७ साली तो न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टींत गुंतला होता. एक, तारेचे संदेश कागदावर उमटवून पुन्हा पाठवणारं यंत्र. दुसरी, टेलिफोनमध्ये बोलण्यासाठीचा कार्बनचा ट्रान्समीटर. घराघरातल्या जुन्या लँडलाइनमध्ये कितीतरी दशकं याच जातीचा माइक होता. या दोन कामांच्या मधल्या जागेत त्याला सुचलं की आवाजाने पडदा हलतो, पडद्याला टोक लावलं तर ते कशावर तरी खूण उमटवेल, आणि त्याच खुणेवरून टोक पुन्हा फिरवलं तर पडदा पुन्हा बोलेल. त्याचा कारागीर जॉन क्रूसी याने यंत्र बनवून दिलं. एक नळकांडं, त्यावर गुंडाळलेला कथिलाचा वर्ख आणि फिरवायला हँडल. एडिसन त्यात मेरी आणि तिच्या कोकराचं बालगीत ओरडून म्हणाला आणि यंत्राने ते परत म्हणून दाखवलं. डिसेंबर १८७७ मध्ये त्याने ते न्यूयॉर्कला सायंटिफिक अमेरिकन मासिकाच्या कचेरीत नेऊन वाजवलं. १९ फेब्रुवारी १८७८ ला पेटंट मिळालं.

त्यानंतर तो बल्बच्या मागे लागला आणि फोनोग्राफ जवळजवळ दहा वर्षं तसाच पडून राहिला. दरम्यान अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या माणसांनी वर्खाऐवजी मेण वापरून ग्राफोफोन काढला, आणि एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन. एडिसन खडबडून जागा झाला. जून १८८८ मध्ये त्याने आणि त्याच्या माणसांनी रात्रंदिवस जागून सुधारलेला फोनोग्राफ पुरा केला. त्या जागरणानंतरचा, डोक्याला हात टेकून यंत्राशेजारी बसलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. बर्लिनरच्या तबकडीत सुई डावी-उजवीकडे डोलायची. एडिसनच्या यंत्रात ती वर-खाली व्हायची, म्हणजे खाच ठिकठिकाणी कमीजास्त खोल असायची. आपलीच पद्धत चांगली याची एडिसनला पक्की खात्री होती. पण नळकांडी ठेवायला अवघड, तबकड्या कपाटात उभ्या लावून ठेवता येतात. बाजार तबकड्यांकडे वळला. शेवटी १९१२ मध्ये त्याने डायमंड डिस्क आणली.

ती वस्तू हातात घेतली तर आजही माणूस दचकेल. जवळजवळ ६ मिलिमीटर जाड तबकडी, मिनिटाला ८० फेरे. इतरांच्या ग्रामोफोनला लोखंडी सुई लागायची आणि ती दर बाजूला बदलावी लागायची. याच्याकडे कायमचा घासलेला हिरा. इतरांची सुई खाचेच्या भिंतींना रेटा देत आत सरकायची. याच्या यंत्रात सुई धरणारा भाग एक स्क्रू पुढे सरकवायचा, म्हणजे तो भार खाचेवर पडत नसे. लक्षात येतंय ना? सुईचं ओझं कमी करा, म्हणजे आवाज सुधारेल. ऑप्टिकल कार्ट्रिज विकणारे आज नेमकं हेच सांगतात. फरक एवढाच की एडिसनच्या वेळी ॲम्प्लिफायर नव्हता. खोलीभर पसरणारा सगळा आवाज त्या सुईच्या थरथरीतूनच यायचा. तिथे ओझ्याला खरा अर्थ होता.

त्या वेळी ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना डायमंड डिस्क इतरांपेक्षा सरस वाटली, आणि माझ्या मते ते बरोबरही होतं. पण ती इतरांच्या यंत्रावर वाजत नसे आणि इतरांच्या तबकड्या तिच्या यंत्रावर वाजत नसत. आजच्या भाषेत, चार्जरचं पिनच वेगळं. आणि पहिल्या महायुद्धात कच्च्या मालाची ओढाताण झाली तेव्हा पृष्ठभाग खरखरू लागला. त्याआधीच, ९ डिसेंबर १९१४ च्या रात्री, वेस्ट ऑरेंजच्या त्याच्या कारखान्यातल्या कितीतरी इमारती आगीत गेल्या होत्या. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. काही आठवड्यांत त्याने कारखाना पुन्हा चालू केला.

लोकांना फरक पटवायचा कसा? १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने टोन टेस्ट सुरू केल्या. थिएटरमध्ये मंचावर फोनोग्राफ ठेवायचा आणि शेजारी गायिका उभी. ती आपल्याच रेकॉर्डबरोबर गायला लागायची. मध्येच ओठ मिटायची, तरी गाणं चालूच. मग दिवे जायचे. अंधारात गाणं सुरू राहायचं. दिवे आले की मंचावर फक्त यंत्र, गायिका कधीच निघून गेलेली! १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मेरी रॅपोल्ड या गायिकेला घेऊन हाच खेळ झाला. गावोगावी असे हजारो कार्यक्रम झाले, आणि वर्तमानपत्रं लिहीत राहिली की खरं कोण आणि यंत्र कोण ते कळत नाही.

ही चाचणी एका अर्थी आजच्या अनेक यूट्यूब तुलनांपेक्षा बरी होती. अंधार होता, म्हणजे डोळ्यांची फसवणूक नव्हती. पण खाच दुसरीकडेच मारलेली होती. त्या काळचं रेकॉर्डिंग कर्ण्यातून व्हायचं. खालचे खर्जातले आणि वरचे बारीक स्वर त्यात नीट येतच नसत. म्हणून यंत्र माणसासारखं करण्याऐवजी माणूस यंत्रासारखा केला जायचा. टोन टेस्ट गाजवणाऱ्या ॲना केस या गायिकेने म्हातारपणी मान्य केलं की ती आपला आवाज मुद्दाम मशीनच्या पट्टीत, तेवढ्याच जोरात बसवायची. गायिका निवडतानाही रेकॉर्डशी जुळेल असाच गळा शोधलेला असायचा.

तरी मी एडिसनला निव्वळ लबाड म्हणणार नाही. आपल्या तबकडीवर त्याचा मनापासून विश्वास होता. गंमत अशी की तो विश्वास त्याने कुठल्या कानांनी कमावला? गायकांची निवड तो स्वतः करायचा. कर्णा कानाला लावून ऐकायचा. तेवढ्याने भागलं नाही तर फोनोग्राफच्या किंवा पियानोच्या लाकडाला दात लावायचा, म्हणजे थरथर जबड्याच्या हाडातून आत पोचायची. आज बोन कंडक्शन हेडफोन मिळतात, तेच तंत्र, फक्त दातांनी. दातांनी ऐकणाऱ्या माणसाला गळ्यातला कंप खुपायचा. सूर थोडाही हलवणारी गायिका त्याला चालत नसे, आणि ऑपेरातले मोठमोठे लोक नेमके तसेच गायचे. नामवंतांना जास्त पैसे देणंही त्याला पटत नसे. महत्त्वाचं यंत्र, गाणारा कोण ते दुय्यम, असं त्याचं मत. समोर व्हिक्टर कंपनीकडे कारुसो होता, आणि लोक कारुसो विकत घेत होते, खाचेची दिशा नव्हे. पियानोवादक रखमानिनॉफने १९१९ मध्ये एडिसनसाठी रेकॉर्डिंग केलं आणि पुढच्याच वर्षी तो व्हिक्टरकडे गेला.

मधल्या काळात या कंपनीने एक गोष्ट मात्र आजच्यासारखी केली. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर बिंगहॅमच्या मदतीने कोणतं गाणं ऐकून माणसाचा मूड कसा बदलतो याचे तक्ते लोकांकडून भरून घेतले, आणि त्यावरून मूडप्रमाणे तबकड्यांची यादी छापली. तुमच्या ॲपमधली पावसाळी प्लेलिस्ट त्याच घराण्यातली.

१९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया माइक वापरून विजेवर रेकॉर्डिंग करू लागले. कर्ण्यात न मावणारे स्वर आता तबकडीवर यायला लागले. एडिसनला तो आवाज आवडला नाही. रेडिओही आवडला नाही. वयाच्या ऐंशीच्या घरात, कान जवळपास गेलेले, आणि तरी आवाज कसा असावा याचा शेवटचा शब्द त्याचाच. कंपनीने विजेचं रेकॉर्डिंग घेतलं ते १९२७ मध्ये. मला यातलं सगळ्यात वाईट वाटतं ते वेगळंच. १९२६ मध्ये त्याने एका बाजूला वीस मिनिटं वाजणारी तबकडी काढली होती, एलपी लोकप्रिय होण्याच्या वीसेक वर्षं आधी. पण तिची खाच इतकी बारीक होती की सुई उडायची आणि आवाज दबका यायचा. विजेच्या ॲम्प्लिफायरची साथ असती तर निदान दबका आवाज तरी सुटला असता.

१९२९ मध्ये कंपनीने अखेर डावी-उजवीकडे डोलणाऱ्या खाचेच्या, सगळ्यांच्या यंत्रावर चालतील अशा तबकड्याही काढल्या. फार उशीर झाला होता. ऑक्टोबर १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळला त्याच आठवड्यात, एडिसनच्या कंपनीने रेकॉर्डचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९३१ ला, वेस्ट ऑरेंजमध्ये तो वारला.

आता प्रकाशाकडे परत येऊ. एडिसनच्या पहिल्या यंत्रातला कथिलाचा वर्ख इतका नाजूक होता की काही वेळा वाजवला की फाटायचा. म्हणून १८७८ च्या सुमाराचे वर्ख जवळजवळ उरलेच नाहीत. जे उरले त्यांना सुई लावायची म्हणजे ते संपवायचे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या कार्ल हेबर या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर वाट काढली. सुई नकोच. प्रकाशाने खाचेचा उंचसखलपणा बारकाईने मोजायचा, कॉम्प्युटरमध्ये त्याचा नकाशा तयार करायचा आणि सुई त्यावरून गेली असती तर कशी हलली असती याचा हिशेब करून आवाज काढायचा. ऑप्टिकल कार्ट्रिजमध्ये प्रकाश सुईकडे बघतो, इथे तो थेट खाचेकडे बघतो. इथे बास घट्ट वाजतो का, यावर कुणी भांडत नाही. एडिसनने १८९० मध्ये बोलक्या बाहुल्या विकल्या होत्या. त्या लवकर बिघडायच्या म्हणून थोड्याच दिवसांत बंद कराव्या लागल्या. त्यांचे आवाजही याच पद्धतीने परत मिळाले आहेत.

२०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडी इथल्या विज्ञान संग्रहालयातला, जून १८७८ मध्ये सेंट लुइस शहरात भरलेला एक चुरगळलेला वर्ख असाच वाचला गेला. तो एकूण ७८ सेकंदांचा आहे आणि त्याची फाइल इंटरनेटवर मिळते. हेडफोन लावून ऐका. आवाज फार वाढवू नका, खरखर भरपूर आहे. आधी २३ सेकंद कॉर्नेट वाजतो. मग एक माणूस मेरीच्या कोकराचं गाणं म्हणतो, त्यानंतर आणखी एक बालगीत, आणि मधेच त्याला हसू येतं.